तीन वेगवान, एक संथ: सामायिक रेडिओ वाहिनीच्या इम्युलेशनचे एक प्रकरण

प्रकरण असे आहे. एका वायफाय ॲक्सेस पॉइंटला चार स्टेशने जोडलेली आहेत. त्यांपैकी तीन जवळ असल्यामुळे सेकंदाला ११ मेगाबिट या दराने बोलतात, तर चौथे लांब आणि भिंतींच्या आड असल्यामुळे १ मेगाबिटवर घसरलेले आहे. चौघांकडेही पाठवण्यासाठी सतत माहिती तयार आहे. ८०२.११बी या मानकाखाली अशा वेळी काय घडते, हे ग्रेनोबल येथील चार संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात गणिताने आणि मोजमापाने दाखवले होते: एकटे संथ स्टेशन स्वतःबरोबर इतर सर्वांनाही आपल्या पातळीवर ओढते आणि ११ मेगाबिटवाल्यांच्या पदरात १ मेगाबिटहूनही कमी पडते.

आपल्याला हीच परिस्थिती रेडिओविना, एकाच लिनक्स संगणकावर उभी करायची आहे, म्हणजे तिचे इम्युलेशन (वागणुकीची नक्कल) करायचे आहे. वायरलेस जाळ्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी प्रत्येक वेळी प्रत्यक्ष रेडिओवर घेणे परवडत नाही, आणि घेतली तरी तीच परिस्थिती दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळत नाही. ८०२.११बी हे मानक जुने झाले असले तरी या प्रकरणासाठी ते मुद्दाम निवडले आहे. त्यात फ्रेम (हवेतून वेष्टनासह जाणारी पॅकेटे) एकत्र बांधून पाठवण्याची सोय नाही, त्यामुळे हिशेब कागदावर करता येतो, आणि कागदावरच्या हिशेबाशी जुळत नाही ते इम्युलेशन कितीही दिमाखदार दिसले तरी बाद ठरवता येते.

प्रचलित मांडणी आणि तिचे उत्तर

लिनक्समध्ये या कामासाठी हाताशी असते ते नेटेम, म्हणजे पॅकेटांना मुद्दाम विलंब, लॉस किंवा वेगमर्यादा लावणारे साधन. कर्नलच्या वाहतूक नियंत्रणाचा तो एक भाग आहे आणि टीसी या आज्ञेने तो कोणत्याही इंटरफेसवर लावता येतो. बहुतेक जण पहिली मांडणी अशी करतात: चार नेमस्पेस (एकाच संगणकातली जाळ्यापुरती वेगळी दालने) म्हणजे चार स्टेशने, पाचवा ॲक्सेस पॉइंट, मधे आभासी केबलच्या जोड्या, तीन जोड्यांवर ११ मेगाबिटची मर्यादा, चौथीवर १ मेगाबिटची, आणि वर चवीपुरता टक्काभर लॉस, म्हणजे हरवणारी पॅकेटे. कोअर या इम्युलेटरच्या साध्या वायरलेस प्रारूपातही मूळ कल्पना याच जातीची आहे. दोन नोड एकमेकांच्या टप्प्यात आहेत की नाहीत एवढे ते अंतरावरून ठरवते, आणि बँडविड्थ, विलंब व लॉस यांचे आकडे इंटरफेसवर बसवते.

या मांडणीत चारही स्टेशनांनी एकदम पाठवायला सुरुवात केली की एकूण ३४ मेगाबिट वाहतात. हवा एकच असून तिच्यातून एका वेळी एकालाच बोलता येते, हे त्या आकड्यात कुठेच उमटत नाही. शिवाय केबलच्या जोडीला दोन दिशा असतात आणि टीसीची मर्यादा बाहेर जाणाऱ्या दिशेला लागते, म्हणून ॲक्सेस पॉइंटकडून परत येणारी वाहतूक आणखी ३४ मेगाबिटपर्यंत स्वतंत्रपणे जाऊ शकते. रेडिओवर जाणे आणि येणे एकाच हवेतून होते.

यावरची पहिली सुधारणा सर्वश्रुत आहे. सर्व इंटरफेसची येणारी व जाणारी वाहतूक आयएफबी या आभासी उपकरणाकडे वळवायची आणि तिथे एचटीबी या वेग वाटून देणाऱ्या साधनाची एकच रांग लावून तिला एकूण मर्यादा द्यायची. एका स्टेशनाकडून दुसऱ्या स्टेशनाकडे जाणारे पॅकेट या मांडणीत रांगेतून दोनदा जाते, आणि ते योग्यच आहे, कारण ॲक्सेस पॉइंटमार्फत जाताना ते हवेतूनही दोनदाच जाते. एकूण मर्यादा ११ ठेवली आणि संथ स्टेशनाला १ ची कमाल दिली, तर इतरांना प्रत्येकी सुमारे ३.३ मेगाबिट मिळतात. दिसायला हे उत्तर समंजस वाटते, पण प्रत्यक्षापासून ते फार दूर आहे. किती दूर, हे पाहण्यासाठी हवेतील वेळेचा हिशेब मांडावा लागतो.

एका पॅकेटला हवा किती वेळ लागते

१५०० बाइटचे आयपी पॅकेट रेडिओवर चढताना त्याला ३६ बाइटची भर पडते: २४ बाइटचे मॅक शीर्षक, ८ बाइटचे एलएलसी आणि ४ बाइटची तपासणी बेरीज. या १५३६ बाइटना ११ मेगाबिटने १,११७ मायक्रोसेकंद लागतात. पण त्याआधी ५० मायक्रोसेकंद वाहिनी शांत असावी लागते. मग ० ते ३१ यांतून चिठ्ठी काढावी तशी संख्या घेऊन तितके २० मायक्रोसेकंदांचे खण थांबावे लागते, म्हणजे सरासरी ३१० मायक्रोसेकंद. मग लांब प्रिअँबलचे, म्हणजे फ्रेमआधीच्या ठरावीक संकेतांचे, १९२. फ्रेम संपल्यावर १० मायक्रोसेकंदांची विश्रांती. आणि शेवटी समोरच्याची पोच, जी २ मेगाबिटने आली तर २४८. बेरीज १,९२७ मायक्रोसेकंद होते. म्हणजे एकटे स्टेशन, कोणाचीही स्पर्धा नसताना, ११ मेगाबिटच्या दराने जेमतेम ६.२ मेगाबिट पोहोचवते. ११ हा आकडा खोक्यावर छापण्यासाठी ठीक आहे. इम्युलेटरमध्ये तो जसाच्या तसा भरणे ही या विषयातली सर्वांत प्रचलित चूक म्हणावी लागेल.

संथ स्टेशनाचे तेच पॅकेट १ मेगाबिटने १२,२८८ मायक्रोसेकंद घेते, आणि पोचही १ मेगाबिटने आली तर सर्व मिळून १३,१५४ मायक्रोसेकंद होतात. आता मानकाचा नियम लावायचा. प्रत्येकाला वाहिनी मिळण्याची संधी समान आहे, म्हणून दीर्घ काळात चौघांची पॅकेटे सारख्याच संख्येने जातात. एका फेरीत तीन वेगवान आणि एक संथ पॅकेट जाते व तिला १८,९३५ मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक स्टेशनाला ०.६३ मेगाबिट मिळतात आणि सर्वांचे मिळून २.५. त्या फेरीतला सुमारे ७० टक्के वेळ एकट्या संथ स्टेशनाचा असतो. समाईक रांगेने वेगवान स्टेशनांना ३.३ दिले होते; खरा आकडा त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. एकूण मर्यादा ११ ऐवजी ६.२ केली आणि संथाला ०.९ दिले, तरी वेगवानांना १.७ च्या पुढे मिळत राहतात. थोडक्यात, आकडे बदलून हा फरक मिटत नाही, कारण एचटीबी बिट वाटते आणि हवा वेळ वाटते.

टकरी आणि चौघांच्या सामाईक प्रतीक्षेमुळे येणारे फरक या हिशेबात धरलेले नाहीत. चौघे एकदम वाट पाहत असतील तर सर्वांत लहान संख्या काढणारा आधी सुटतो, म्हणून दोन फ्रेममधली रिकामी जागा ३१० मायक्रोसेकंदांहून कमी होते. उलट दोघांनी सारखीच संख्या काढली तर टक्कर होऊन वेळ वाया जातो. पण निष्कर्षाची दिशा यांनी बदलत नाही.

लहान पॅकेटांचा मुद्दा मात्र सोडून चालणार नाही, कारण टीसीपीची, म्हणजे पोच मागून माहिती खात्रीने पोहोचवणाऱ्या पद्धतीची, अर्धी कथा त्यात आहे. टीसीपीची ५२ बाइटची पोच ११ मेगाबिटने पाठवली तर तिच्या बिटांना अवघे ६४ मायक्रोसेकंद लागतात, पण भोवतीचे ८१० मायक्रोसेकंद चुकत नाहीत, आणि ती ८७४ मध्ये पडते. बिटांच्या हिशेबाने ती मोठ्या पॅकेटाच्या साडेतीन टक्के आहे. हवेच्या हिशेबाने ४५ टक्के. दर दोन पॅकेटांमागे एक पोच धरली तर एकट्या टीसीपी जोडणीचा वेग, शीर्षके वगळून, ४.९ मेगाबिटवर येतो. ८०२.११बी वापरलेल्यांना हा ‘पाचच्या आसपास’चा अनुभव ओळखीचा असेल. छोट्या नोंदी वारंवार पाठवणाऱ्या मोजणी-यंत्रांचे जाळे असेल तर हा भाग निर्णायक ठरतो, कारण तिथे जवळजवळ सगळी हवा वेष्टनावरच खर्च होते.

रांग मायक्रोसेकंदांत मोजायची कशी

सर्व स्टेशने एकाच दराची असती तर नेटेमनेच भागले असते. त्याच्या दराच्या पर्यायात प्रत्येक पॅकेटमागे काही बाइट जादा धरण्याची सोय आहे. ८१० मायक्रोसेकंद आणि ३६ बाइटची भर ११ मेगाबिटच्या भाषेत मिळून ११५० बाइट होतात. आभासी केबलवर नेटेम १४ बाइटचे इथरनेट शीर्षकही मोजतो, ते वजा करून ११३६ भरले की १५०० बाइटच्या पॅकेटाला बरोबर १,९२७ मायक्रोसेकंद लागतात आणि पोचेलाही तिचे ८७४ मिळतात. ही एक ओळीची दुरुस्ती असून अनेक चाचण्यांसाठी ती पुरेशी आहे.

मिश्र दरांसाठी ती अपुरी पडते, कारण इथे पॅकेटाची किंमत ते कोणत्या स्टेशनाचे आहे यावर ठरते. या प्रकरणात निवडलेला मार्ग म्हणजे टॅप उपकरणांवर (प्रोग्रॅमला थेट वाचता-लिहिता येणाऱ्या आभासी जाळे-कार्डांवर) चालणारा एक छोटा प्रोग्रॅम. पाचही नोडांची टॅप उपकरणे तो उघडतो, प्रत्येकाची मर्यादित लांबीची रांग ठेवतो आणि हवा पुन्हा कधी मोकळी होईल हे सांगणारे एकच घड्याळ चालवतो. ज्यांच्या रांगेत काही आहे त्यांनी चिठ्ठी काढायची, सर्वांत लहान संख्येचा नोड जिंकतो, त्याच्या दराने आणि लांबीने वेळ ठरतो, घड्याळ तेवढे पुढे सरकते, आणि ती वेळ आली की फ्रेम पलीकडे लिहिली जाते. दोन संख्या सारख्या निघाल्या तर टक्कर. दोघांचीही फ्रेम वाया जाते आणि दोघांची प्रतीक्षेची कमाल दुप्पट होते. इथे सेकंदाला पाचशेच्या आसपास फ्रेम जातात, त्यामुळे यासाठी कर्नलमध्ये शिरण्याची गरज नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. ‘इतके मायक्रोसेकंद झोप’ अशी सूचना न देता ‘अमुक वेळेपर्यंत झोप’ अशी द्यावी, अन्यथा जागे होण्यातला प्रत्येक वेळचा उशीर साचत जातो आणि वाहिनी हिशेबापेक्षा संथ होते.

तयार साधनेही आहेत. लिनक्सचे मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल आभासी वायफाय कार्डे देते, आणि त्यावर डब्ल्यूमीडियमडी बसवले तर हवेतील वेळ, पुनःप्रेषण आणि दरांचा हिशेब होतो. ते न बसवता केवळ मॉड्यूलवर चाचणी घेणाऱ्याला मात्र फुकटची, अमर्याद हवा मिळते. एमेन या दुसऱ्या इम्युलेटरच्या ८०२.११ प्रारूपात वाहिनीसाठीची स्पर्धा आणि लपलेल्या नोडांचा परिणाम सांभाळलेला आहे. टॅपचा मार्ग निवडण्याचे कारण एवढेच की त्यातला प्रत्येक मायक्रोसेकंद आपण कागदावर मांडलेल्या बेरजेतूनच आलेला असतो, आणि काही बिनसले तर बोट ठेवायला जागा राहते.

लॉस: हरवलेले पॅकेट आणि हरवलेला वेळ

आता लांबच्या स्टेशनाकडे येऊ. ते लांब आहे म्हणून त्याच्या फ्रेम बिघडतात. समजा दर प्रयत्नाला ३० टक्के. नेटेममध्ये ३० टक्के लॉस भरला तर टीसीपी जोडणी जवळजवळ निकामी होते, कारण पॅकेटे इतक्या वेळा पडली की ती मुदत संपण्याच्या प्रतीक्षांमध्येच अडकून राहते. प्रत्यक्ष रेडिओवर तसे होत नाही. पोच आली नाही की मॅक थर (वाहिनीवरची पाळी सांभाळणारा थर) तीच फ्रेम पुन्हा पाठवतो, आणि लहान फ्रेमसाठीची नेहमीची मर्यादा सात प्रयत्नांची आहे. प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर सातही फसण्याची शक्यता ०.०२ टक्के उरते. वरच्या थराला लॉस जवळजवळ दिसतच नाही; सरासरी एका फ्रेममागे १.४३ प्रयत्न लागतात, एवढाच खर्च होतो, आणि तो खर्च सर्वांच्या हवेतून जातो. संथ स्टेशनाच्या बाबतीत तर तो तेरा मिलिसेकंदांच्या मापाने जातो. त्याचा लॉस त्याच्या शेजाऱ्यांचा वेग खातो, आणि प्रत्येक जोडणीवर स्वतंत्र टक्केवारी लावणाऱ्या इम्युलेटरला हा संबंध दाखवताच येत नाही.

हरवलेल्या फ्रेमचा उशीरही पाहण्यासारखा आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर प्रतीक्षेची कमाल ३१, ६३, १२७ अशी वाढत १०२३ पर्यंत जाते. ११ मेगाबिटच्या स्टेशनाने सातही प्रयत्न केले तर सरासरी ४२ मिलिसेकंद त्याची रांग अडून राहते. त्यातले साधारण ११ मिलिसेकंद हवा खरोखर व्यापलेली असते. उरलेला वेळ प्रतीक्षेचा असतो आणि त्यात इतरांना बोलता येते. हे दोन वेळ वेगळे मोजले नाहीत तर शेजाऱ्यांना नाहक शिक्षा होते. मागची पॅकेटे या काळात क्रम न मोडता थांबतात, हेही महत्त्वाचे आहे. नेटेममध्ये विलंबाला चढउतार जोडून रेडिओची नक्कल करण्याची पद्धत आहे, पण तिथे प्रत्येक पॅकेटाला स्वतंत्र विलंब मिळतो आणि मागचे पुढे निघून जाते. टीसीपी ते लॉस समजून वेग कमी करतो, आणि रेडिओत नसलेला दोष अहवालात रेडिओच्या नावे लिहिला जातो.

ब्रॉडकास्टचा, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेमचा, न्याय वेगळा आहे. त्या फ्रेमना पोच नसते, म्हणून पुनःप्रेषणही नसते. तीस टक्के बिघाड असेल तर तीस टक्के फ्रेम गेल्याच. एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून यंत्राचा पत्ता शोधण्याच्या) विचारणा आणि मेश जाळ्यातले शेजारी शोधणारे संदेश याच वाटेने जातात. एकाच जोडणीवर वापरकर्त्याची माहिती ९९.९८ टक्के पोहोचते आणि राउटिंगचे संदेश ७० टक्के, हे दोन्ही एकाच वेळी खरे असते. म्हणून टॅपच्या प्रोग्रॅममध्ये लॉस ठरवण्याची जागा प्रत्येक प्रयत्नापाशी ठेवली आहे, आणि फ्रेमचा पत्ता पाहून पुढचा निर्णय होतो.

प्रयत्न स्वतंत्र असतात हे गृहीतक मात्र सोयीचे आहे, खरे नाही. शेजारचे दुसरे जाळे बोलू लागले की लागोपाठ अनेक प्रयत्न फसतात. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयासाठी लांब पल्ल्याच्या वायफाय जोडण्यांवर काम करणाऱ्या बर्कलीच्या गटाने २००७ साली मांडलेल्या मोजमापांत शहरी जोडण्यांवरच्या लॉसचे मुख्य कारण इतर वायफायचा अडथळा हेच निघाले होते. ग्रामीण जोडण्यांवर लॉस फारच कमी होता. अशा झटक्यांसाठी गिल्बर्ट आणि इलियट यांचे दोन अवस्थांचे प्रारूप वापरतात. गिल्बर्ट यांनी ते १९६० साली मांडले आणि इलियट यांनी १९६३ साली विस्तारले. वाहिनी ‘चांगल्या’ अवस्थेतून ‘वाईट’ अवस्थेत एका शक्यतेने जाते आणि दुसऱ्या शक्यतेने परत येते. नेटेममध्येही ते आहे. सरासरी दोन टक्के लॉस आणि सरासरी दहा पॅकेटांचा झटका हवा असेल तर परतीची शक्यता १० टक्के आणि जाण्याची ०.२०४ टक्के भरावी लागते.

यात एक खोच आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. नेटेममधली अवस्था पॅकेटागणिक बदलते, घड्याळाबरोबर नव्हे. सेकंदाला पाचशे पॅकेटे जात असतील तर दहा पॅकेटांचा झटका २० मिलिसेकंदांत संपतो. दर दहा सेकंदांना एक नोंद पाठवणाऱ्या मोजणी-यंत्राला तोच झटका शंभर सेकंद पुरतो, जणू वाहिनी त्याची वाट पाहत वाईट अवस्थेत थांबून राहिली आहे. शिवाय पुनःप्रेषणाचे प्रयत्न नेटेमला दिसतच नाहीत. म्हणून आपल्या प्रोग्रॅममध्ये अवस्था घड्याळावर चालवली आहे, आणि ती जोडणीगणिक न ठेवता घेणाऱ्या नोडागणिक ठेवली आहे. ॲक्सेस पॉइंटच्या शेजारी अडथळा आला की चारही स्टेशनांकडून येणाऱ्या फ्रेम एकदम बिघडतात. संथ स्टेशनाशेजारी आला तर फक्त त्याच्याकडे जाणाऱ्या. चार स्वतंत्र फाशांनी पहिली परिस्थिती कधीच पडत नाही, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अवघड परिस्थिती तीच असते, कारण चौघेही एकदम पुन्हा प्रयत्न करू लागतात.

पडताळणी

इम्युलेटरवर कोणतेही सॉफ्टवेअर चढवण्याआधी त्याच्याकडून चार आकडे वसूल करावेत. बिघाड शून्य ठेवून, एकटे वेगवान स्टेशन यूडीपीने (पोच न मागणाऱ्या पद्धतीने) भरून वाहिले तर सुमारे ६.२ मेगाबिट; एकटे संथ वाहिले तर ०.९; तिन्ही वेगवान व एक संथ मिळून वाहिले तर प्रत्येकी ०.६ च्या आसपास. आणि एकटी टीसीपी जोडणी ४.९ च्या आसपास. वेग मोजणारा आयपर्फ हा प्रोग्रॅम फक्त आतली माहिती मोजतो, त्यामुळे त्याचे यूडीपीचे आकडे किंचित कमी येणे अपेक्षित आहे. तिसऱ्या चाचणीत संथ स्टेशन मधेच बंद करावे. इतर तिघांचा वेग लगेच तिपटीहून वर, प्रत्येकी दोन मेगाबिटच्या घरात गेला नाही, तर रांग अजून बिटच वाटते आहे असे समजावे.

नेटेमवरच थांबायचे असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. पाठवणाऱ्या यंत्रावरच लॉस लावला तर पॅकेट टाकल्याची बातमी वरच्या थराला तिथल्या तिथे कळते आणि टीसीपी लॉस नसल्यासारखा वागतो. म्हणून लॉस मधल्या राउटरवर किंवा ब्रिजवर लावावा. कर्नल सोयीसाठी अनेक पॅकेटांचा ६४ किलोबाइटपर्यंतचा एक गठ्ठा करून खाली पाठवतो आणि नेटेम तो गठ्ठा अख्खा टाकू शकतो, म्हणून इथटूलने ती सोय बंद करावी; टॅपवर ती मुळातच मागून घ्यावी लागते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. तिसरी गोष्ट रांगेच्या लांबीची. नेटेमची मूळ मर्यादा १००० पॅकेटांची आहे, म्हणजे १,९२७ मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने जवळजवळ दोन सेकंदांचा साठा, आणि संथ दराने तेरा सेकंदांचा. वायरलेसवर विलंब फार आहे अशी तक्रार चाचणीतून आली, तर तो विलंब हवेचा आहे की या साठ्याचा, हे आधी पाहावे.

एक निवड शेवटी चाचणी घेणाऱ्यालाच करावी लागते. लिनक्सच्या वायफाय थरात पुढे हवेतील वेळ स्टेशनांमध्ये सारखा वाटण्याची सोय आली. तसा ॲक्सेस पॉइंट आपल्या चौघांना माहिती पाठवत असेल तर वेगवान स्टेशनांना प्रत्येकी १.५६ मेगाबिट मिळतात, संथाला ०.२३, आणि एकूण वाहतूक २.५ वरून ४.९ वर जाते. पण ही वाटणी फक्त ॲक्सेस पॉइंट पाठवत असलेल्या दिशेला लागू पडते. स्टेशनांकडून येणाऱ्या वाहतुकीला जुनाच नियम राहतो, कारण तिथे वाटणारा कोणी नसतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये पाळीची समानता आणि वेळेची समानता असे दोन पर्याय ठेवून, दुसरा केवळ ॲक्सेस पॉइंटच्या रांगेपुरता चालू करता येईल अशी सोय केली आहे. ज्या उपकरणांवर सॉफ्टवेअर शेवटी चालणार आहे त्यांत यांपैकी काय आहे, हे चाचणीच्या अहवालात आकड्यांच्या शेजारीच लिहावे, कारण त्यावाचून ०.६३ आणि १.५६ हे दोन्ही आकडे एकाच जाळ्याचे असू शकतात.